साइटवरची स्पॅनिश: ह्यूस्टनमधल्या कामाच्या नोंदी

२२ जानेवारी २०२४, सोमवार

आज १,४५० डॉलर काँक्रीट फोडण्यात गेले. कारण एक अक्षर: 'सी'. म्हणजे 'हो'.

नैऋत्य ह्यूस्टनमध्ये तीन मजली अपार्टमेंटचं काम आहे, जमिनीवरचा स्लॅब. बाथटबच्या ड्रेनसाठी स्लॅबमध्ये जो चौकोनी खोका सोडतात, तो सुधारित नकाशात १४ इंच सरकला होता. गुरुवारी मी शटरिंगवाल्यांना, म्हणजे काँक्रीटचा साचा बांधणाऱ्यांना, बदल सांगितला. इंग्रजीत, हातवारे करून, नकाशावर बोट ठेवून. चौघांनी माना डोलावल्या. "सी, सी, ओके." शनिवारी पहाटे काँक्रीट पडलं. आज सकाळी प्लंबरने विचारलं, खोका जुन्याच जागी कसा?

फोरमनला दोन्ही भाषा येतात, पण तो तीन साइट सांभाळतो आणि गुरुवारी दुसरीकडे होता. साहेब म्हणाले, पुढच्या वेळी ब्रेकर तू चालव. पुण्यात सहा वर्षं इंजिनियर म्हणून साइटवर काढली, तिथे मिस्त्रीला काम सांगताना असं कधी झालं नाही. स्पॅनिश शिकायची ठरवली आहे. इथल्या कामावर असलेल्या आपल्या कुणाला उपयोग होईल म्हणून नोंदी ठेवतोय. खर्च आणि चुका दोन्ही लिहीन.

११ फेब्रुवारी, रविवार

तीन आठवडे एक मोफत अ‍ॅप, रोज चाळीस मिनिटं. आता मी स्पॅनिशमध्ये रेड वाइन मागवू शकतो आणि माझ्या काकूकडे मांजर आहे असं सांगू शकतो. सळईला काय म्हणतात ते माहीत नाही. सुमारे चौदा तास गेले.

मग एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून सहा डॉलरला बांधकामाचा शब्दकोश आणला. तो निघाला स्पेनचा. काँक्रीटला 'ओर्मिगोन', शटरिंगला 'एन्कोफ्रादो'. दोन्ही पाठ करून गेलो. आमचे बहुतेक लोक मेक्सिकोचे, काही होंडुरास आणि ग्वाटेमालाचे. 'एन्कोफ्रादो' म्हटल्यावर मोठा मिस्त्री माझ्याकडे असा बघत राहिला, जसं मी सदाशिव पेठेतल्या गवंड्याला 'संधारित मिश्रण' आण म्हटलं असतं तर त्याने बघितलं असतं. इथे काँक्रीट म्हणजे 'कोन्क्रेतो', शटरिंग म्हणजे 'सिंब्रा' किंवा नुसतं 'फोर्मा'. स्लॅब टाकण्याला 'कोलादो'. ३१ शब्द खोडले.

आता स्वतःची वही केली आहे. चार डॉलर. एका रकान्यात नकाशातला शब्द, दुसऱ्यात माणसं जसं म्हणतात तसं, तिसऱ्यात आपला मराठी शब्द. उच्चार देवनागरीतच लिहायचा, रोमनमध्ये लिहिला की जीभ आपोआप इंग्रजीकडे वळते. हा एक फायदा आपल्याला फुकट मिळालाय: स्पॅनिश त आणि द हे आपलेच दंत्य त-द आहेत. माझे अमेरिकन सहकारी 'टोडो' म्हणतात, आपण सरळ 'तोदो'. सळईच्या स्पॅनिश शब्दात लिहिताना 'व' असला तरी म्हणताना ब: 'बारीया'. लिहिलेला 'ह' (h) गिळायचा आणि 'ज' (j) दिसला की तिथे 'ह' म्हणायचा. दोन दिवसांत अंगवळणी पडतं.

एक सापळा: 'सेमेन्तो' म्हणजे सिमेंट, 'सिम्येन्तो' म्हणजे पाया. घाईत दोन्ही एकच ऐकू येतात. वहीत लाल पेनाने.

२४ फेब्रुवारी, शनिवार

स्पेनच्या शब्दकोशाने जाता जाता शेवटचा दणका दिला. त्यात 'तिरार' म्हणजे ओढणे. लाइनीची, म्हणजे सरळ रेघ आखायची, दोरी सैल होती, म्हणून एका पोराला म्हटलं, "तिरे ला कुएर्दा." त्याने दोन्ही खुंट्यांवरून दोरी सोडली, गुंडाळली आणि नेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकली. मेक्सिकोत 'तिरार' म्हणजे फेकणे.

त्याची काय चूक? सांगितलं ते केलं. पूर्ण लाइन पुन्हा मारायला दीड तास. ओढण्याला इथे 'हालार'. 'हाले!' म्हटलं की पोरं ओढतात. शिवाय कामालाही 'हाले' म्हणतात, "काम आहे का?" या अर्थी. आणि लाइनीच्या दोरीला 'इलो', म्हणजे सूत. कोश आता गाडीच्या डिकीत आहे.

९ मार्च, शनिवार

आजची चूक माझी एकट्याची.

पहाटे साडेचारला काँक्रीटचा ट्रक रिव्हर्समध्ये येत होता. ड्रायव्हरही स्पॅनिश बोलणारा. त्याने सरळ मागे यावं म्हणून मी ओरडत होतो, "देरेचा! देरेचा!" सरळ म्हणजे 'देरेचो'. 'देरेचा' म्हणजे उजवीकडे. शेवटच्या एका स्वराचा फरक. तो बिचारा उजवीकडे वळला आणि मागचं चाक कडेच्या फळीवर चढलं. वीस फूट शटरिंग आडवं, खुंट्या मोडल्या. दुरुस्तीला पन्नास मिनिटं, मागे दोन ट्रक फिरत्या ड्रमसकट उभे, आणि थांबल्याचे पैसे वेगळे. गर्मी नव्हती म्हणून काँक्रीट वाचलं.

उपाय भाषेचा नाही. ट्रक मागे घेताना आता कुणीच बोलायचं नाही. एकच माणूस, फक्त हाताच्या खुणा, आणि तो माणूस मी नाही.

२७ मार्च, बुधवार

हे लिहिताना अजून पोटात गोळा येतो.

दुपारी जिन्याच्या बाजूने जात होतो. वरून आरोळी आली, "आग्वास!" 'आग्वा' म्हणजे पाणी, हा मला आलेला पहिलाच शब्द. वाटलं, पाणी मागतायत. थांबलो आणि पाण्याच्या पिंपाकडे वळून बघितलं. दोन बाय चारचा हातभर लाकडी तुकडा माझ्यापासून दोन फुटांवर आपटला.

मेक्सिकोत 'आग्वास' म्हणजे 'सांभाळ!'. म्हणतात की पूर्वी खिडकीतून सांडपाणी फेकताना खालच्यांना सावध करायला ओरडत, त्यावरून आलं. खरं-खोटं माहीत नाही, आणि त्या क्षणी जाणून घ्यायची इच्छाही नव्हती. वरचा माणूस खाली येऊन तीनदा माफी मागून गेला. मी 'काही नाही' म्हणत राहिलो, पाय थरथरत होते.

दोन महिने मी फक्त बोलायचे शब्द गोळा करत होतो. ऐकायचे एकही नाही. आज वहीचं पहिलं पान फाडलं आणि नव्याने लिहिलं: आग्वास. क्विदादो (जपून). ओहो (डोळा, म्हणजे लक्ष ठेव). पाराले (थांबव). आबाहो (खाली). हे पान बोलायचं नाही, झोपेतही ओळखू यायला हवं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने या पानापासूनच करावी. वाइनपासून नाही.

१४ एप्रिल, रविवार

ऑनलाइन शिकवणी लावली. बाई मेक्सिकोच्या, तासाला १५ डॉलर, आठवड्याला एक तास. पहिले दोन तास क्रियापदं चालवण्यात गेले, तीस डॉलर पाण्यात. तिसऱ्या वेळी मी साइटचे फोटो पाठवले आणि म्हटलं, यातल्या गोष्टी शिकवा. त्यांना त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. त्यांनी गवंडीकाम करणाऱ्या मामाला फोन लावला आणि उरलेला तास आम्ही तिघं बोललो. आतापर्यंतचा सगळ्यात वसूल झालेला तास.

त्यांनीच एक गोष्ट लक्षात आणून दिली, जी अ‍ॅपने सांगितली नाही. मी सगळ्यांना 'तू' म्हणत होतो. स्पॅनिशमध्येही तू आणि तुम्ही आहेत, 'तू' आणि 'उस्तेद'. आणि 'तू' तर हुबेहूब आपलंच. आमचा मोठा मिस्त्री पंचावन्नच्या पुढचा, माझ्या वडिलांच्या वयाचा म्हणा ना. त्याला मी अडीच महिने 'ए, आण इकडे' अशा भाषेत सांगत होतो. तो काही बोलला नाही. तो मात्र मला पहिल्या दिवसापासून 'उस्तेद' म्हणतो. 'त्राए' नव्हे, 'त्राइगामे'. आणा. उद्यापासून.

दुसरी गोष्ट, जिच्यामुळे त्या रात्री एकटाच हसलो. काही पडलं की ते म्हणतात 'से मे कायो'. इंग्रजीत 'मी पाडलं' असा सरळ कबुलीजबाब द्यावा लागतो. हे मात्र 'माझ्या हातून पडलं'. विसरलं की 'से मे ओल्विदो', म्हणजे 'माझं विसरायचं झालं'. आवडतं तेही 'मला आवडतं' याच घडणीत. साहेब हे ऐकून म्हणतात की ही माणसं जबाबदारी टाळतात. मी म्हटलं, मग आम्ही सगळे मराठी लोकही टाळतो.

३ मे, शुक्रवार

सकाळी येऊन बघतो तर बांधकामाच्या सगळ्यात उंच टोकाला दोन फळ्यांचा क्रूस, त्यावर कागदी फुलं आणि रंगीत पट्ट्या. मला वाटलं कुणी गेलं की काय. चेहरा पाडून विचारलं, तर सगळे हसायला लागले. आज 'सांता क्रूस', मेक्सिकोत गवंड्यांचा सण. चालू कामावर क्रूस उभारायचा आणि काम देणाऱ्याने जेवण घालायचं. आमच्या ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. मी खिशातून साठ डॉलर काढले, टॅको आणि थंड पेयं मागवली. आपल्याकडे खंडेनवमीला थापी-ओळंब्याला हळदकुंकू लावतात, ते मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं. मोठ्या मिस्त्रीने ओळंबा वर धरून विचारलं, "ह्याला?" हो, ह्यालाच.

जेवताना हुद्दे कळले. बिगारी म्हणजे 'पेओन' किंवा 'चालान'. अर्धवट शिकलेला गवंडी म्हणजे 'मेदिया कुचारा', शब्दशः अर्धी थापी. पक्का गवंडी 'ओफिस्याल'. आणि सगळ्यांच्या वर 'माएस्त्रो'.

माएस्त्रो! आपला मिस्त्री पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला, आणि माएस्त्रो त्याचा सख्खा भाऊ. घरी येऊन वहीच्या शेवटच्या पानावर यादी सुरू केली. पोर्तुगीज आपल्याकडे टाकून गेलेले शब्द इथे स्पॅनिश वेषात भेटतात. पगार आणि 'पागार' (पैसे देणे). बादली आणि 'बाल्दे', जरी आमची मंडळी बहुतेकदा 'बोते' म्हणतात. चावी आणि 'यावे' थोडे लांबचे. घमेलं हे पोर्तुगीज 'गामेला'. साइटवर ओळंब्यापेक्षा घमेलं जास्त वापरात, म्हणून हा मला सगळ्यात आवडला.

१८ मे, शनिवार

परवा गुरुवारी संध्याकाळी शहरावर वादळ येऊन गेलं. डाउनटाउनच्या उंच इमारतींच्या काचा फुटल्या, जवळपास दहा लाख ग्राहकांची वीज गेली. आमच्या साइटवरची परांची एका बाजूने कलली, वरचं प्लायवुड रस्त्यापलीकडे. माणसं घरी गेली होती, नशीब.

अशा वादळाचं नाव बातम्यांत सगळे घेतायत: 'देरेचो'. सरळ रेषेत झोडपत जाणारं म्हणून. मार्चमधला ट्रक विसरू देणार नाहीत वाटतं. आज साफसफाईला आल्यावर सगळ्या पोरांनी मला बघून एकसुरात "देरेचा! देरेचा!" केलं. मीही हसलो. टिंगल होऊ लागली म्हणजे आपण त्यांच्यात धरले गेलो, असं मी समजतो.

११ जून, मंगळवार

आजची नोंद लांब आहे.

जानेवारीपासून मी सांगून झालं की विचारतो, "एन्तेन्दियो?" कळलं का? उत्तर नेहमी "सी". आता स्पॅनिश बरी येते, तरी चुका का होतात? शिकवणीच्या बाईंनी सुचवलं: 'कळलं का' विचारूच नका, 'कसं करणार?' विचारा. "कोमो लो वा आ आसेर?" मग माणसाला बोलून किंवा करून दाखवावं लागतं. दोन आठवडे हे करतोय आणि फरक दिसतोय. एकाने परवा सांगताना सळ्यांचं अंतर चुकीचं सांगितलं, ते बांधायच्या आधीच सापडलं.

पण एक पोरगा, विशीतला, असं विचारलं तरी गप्प. खाली बघतो. मी त्याला आळशी समजत होतो. दोन वेळा फोरमनकडे तक्रारही केली. आज फोरमनने मला बाजूला घेतलं. पोरगा ग्वाटेमालाच्या तोतोनिकापान भागातला. त्याची भाषा किचे, माया लोकांची. स्पॅनिश त्यालाही परकी, शाळेत थोडीफार शिकलेली, म्हणजे माझ्याइतकीच. ह्यूस्टनमध्ये तिकडची बरीच मंडळी १९८० च्या दशकापासून येऊन राहिली आहेत आणि मला याचा गंधही नव्हता. मी समोरच्याला 'स्पॅनिशवाला' ठरवून टाकलं होतं, जसं साहेब मला 'इंडियन, म्हणजे हिंदी' ठरवतात.

सेफ्टीचं प्रशिक्षण कामगाराला समजेल अशा भाषेतच द्यायचं, असं ओशाचं (अमेरिकन सरकारच्या कामगार-सुरक्षा खात्याचं) २०१० पासूनचं स्पष्ट धोरण आहे. आमच्याकडे स्पॅनिश पत्रकं आहेत, त्याने खाली सहीसुद्धा केली आहे. सहा फुटांवर काम असेल तर पडण्यापासून संरक्षण लागतं. त्याला विचारलं, हार्नेस घालून दाखव. मांडीचे पट्टे मोकळेच लोंबत होते. वरून पडला असता तर त्यातून निसटला असता. महिनाभर तो तसाच वर चढत होता, आणि माझ्या फाइलमध्ये त्याची सही होती.

त्याचा चुलतभाऊ दुसऱ्या टोळीत आहे, त्याला तासभर बोलावून घेतलं. सगळं पुन्हा, किचेमध्ये, करून दाखवत. शेवटी त्या भावाकडून एक शब्द शिकलो: 'माल्त्योश'. आभारी आहे. तो म्हटल्यावर पोराने पहिल्यांदा मान वर केली.

रात्री पुण्याचं आठवत बसलो. बाणेरच्या साइटवर बंगालमधून आलेली मंडळी होती. त्यांना हिंदी कळत नाही असं दिसलं की मी तीच हिंदी मोठ्याने बोलायचो. तेही 'हां साब' म्हणायचे. जानेवारीत लिहिलंय की पुण्यात असं कधी झालं नाही. झालं असणार. मला कळलं नसणार.

१० जुलै, बुधवार

सोमवारी बेरिल चक्रीवादळ. घरी वीज नाही, साइट बंद. फोन गाडीत चार्ज करतोय. अभ्यास शून्य.

६ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी दोन. सावलीतही अंगाची लाही. सळ्या हातमोज्यातूनही चटके देत होत्या. एकजण बांधता बांधता थांबला आणि शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "एस्तोय मारेआदो." मला म्हणाला नव्हता. मी चार पावलांवर होतो. मला चक्कर येतेय. त्याला सावलीत बसवलं, मानेवर ओला कपडा, पाणी. अर्ध्या तासाने सावरला, तरी त्याला घरी पाठवलं. ओशाच्या पोस्टरवर 'आग्वा, देस्कान्सो, सोंब्रा' (पाणी, विश्रांती, सावली) लिहिलेलं असतं, पण चक्कर येणारा माणूस पोस्टर वाचत नाही. हजेरी जाईल म्हणून तो साहेबाला सांगतही नाही. आजच्या मजुरीचं साहेबांशी बोललो. पूर्ण मिळेल.

'मारेआदो' कोशात नव्हता, अ‍ॅपमध्ये नव्हता. शिकवणीच्या बाईंच्या मामांनी सांगितला होता.

१४ सप्टेंबर, शनिवार

सळ्यांची तपासणी. जुना वैरी: 'दोस' आणि 'दोसे', दोन आणि बारा. साठ-सत्तरचाही तोच घोळ, 'सेसेन्ता' आणि 'सेतेन्ता'. आता आकडा कधीच तोंडी द्यायचा नाही, खडूने शटरिंगवर लिहायचा. इंचाचे तुकडे सांगताना आमचे लोक अपूर्णांकाच्या भानगडीत पडत नाहीत. 'सात आणि दोन रायितास', म्हणजे सात इंच आणि टेपवरच्या दोन बारक्या रेघा. फक्त रेघ आठव्या भागाची की सोळाव्या, हे आधी ठरवून घ्या. आम्ही घेतलं नव्हतं, एक दरवाजा फसला. चौकट पुन्हा, ८५ डॉलर.

सळईचा नंबर मात्र आपल्यासाठी सोपा आहे. अमेरिकेत चार नंबरची सळई म्हणजे चार अष्टमांश इंच. म्हणजेच आपली चार सुती! माझ्या इंजिनियरिंगच्या पुस्तकांनी मिलिमीटर शिकवून सूत विसरायला लावलं होतं. सांगलीचा आमचा जुना मुकादम इथे पहिल्या दिवसापासून चालला असता.

१९ ऑक्टोबर, शनिवार

खर्च मांडला. शिकवणीचे २३ तास, ३४५ डॉलर. कोश, वही, खडू मिळून १४. सांता क्रूसचे ६० मी यात धरत नाही. माझ्या भाषेमुळे झालेलं नुकसान, थांबलेले ट्रक आणि फोडलेलं काँक्रीट धरून, याच्या सहा-सातपट. अजून जमत नाही ते: फोनवरचं बोलणं, यंत्र चालू असतानाचं बोलणं, आणि त्यांचे विनोद. प्रत्येक वाक्यात दुसरा अर्थ असतो आणि सगळे माझ्याकडे बघत असतात. 'आओरीता' म्हणजे 'आत्ता' की 'बघू' हेही कळत नाही, पण ते आपल्या 'आलोच'चंही कुणाला कळत नाही.

आज पुढच्या इमारतीच्या स्लॅबची तयारी. पुन्हा बाथटबचे खोके. मी खडूने जागा आखली आणि माएस्त्रोला विचारलं, कसं करणार? तो गुडघ्यावर बसला, टेप लावली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नो, इन्हे." इंजिनियरचं इथलं लाडकं रूप. मग शर्टच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. फोरमनने त्याला काल दिलेला, नवा नकाशा. माझ्या हातातला त्याआधीचा होता.

खडूची रेघ त्याने बुटाने पुसली. अकरा इंच पलीकडे नवी मी मारली, त्याच्या टेपवर बघून. सोमवारी पहाटे चारला कोलादो आहे, ट्रकला खुणा तोच करणार.